घाटावरून खोलीपर्यंत : नाशिकमध्ये बेघर माणसाला घर मिळवून देताना

डिसेंबर उजाडला की गोदाकाठी रामकुंडावर ब्लँकेटं येऊ लागतात. वाढदिवस, पुण्यतिथी, नवं वर्ष, निमित्त कुठलंही चालतं. रात्री दहाच्या सुमारास गाडी थांबते, वाटप होतं, फोटो निघतो. एका थंडीत एकाच आजींना पाच ब्लँकेटं मिळालेली मी पाहिली आहेत. त्यातली तीन त्यांनी दुसऱ्या दिवशी विकून टाकली. बरोबरच केलं, पाच ब्लँकेटं ठेवणार कुठे? आधार कार्ड आहे का, मुलं कुठे असतात, महिन्याला हातात किती येतात, हे मात्र त्यांना त्या थंडीत कुणीच विचारलं नव्हतं.

पुढे जे लिहिलंय ते हे प्रश्न विचारायची तयारी असलेल्यांसाठी आहे. पाच-सहा जणांचा गट पुरे. गणेश मंडळ असो, भजनी मंडळ असो, सोसायटीतले निवृत्त काका असोत. माझ्या अंदाजाने असा गट वर्षभरात तीन-चार माणसांना रस्त्यावरून खोलीत नेऊ शकतो. आकडा लहान वाटेल, पण प्रत्येकामागे बारा महिने राहावं लागतं. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. सरकारी घरकुलाच्या आशेवर सुरुवात करू नका. घरकुलासाठी अर्ज जरूर करा, पण जवळचा रस्ता भाड्याच्या खोलीतूनच जातो.

आधी रात्री फिरा, हात रिकामे ठेवून

पहिले दोन-तीन आठवडे काहीही वाटू नका. वाटप सुरू झालं की लोक तुमच्याशी बोलत नाहीत, रांग लावतात. रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे पाचच्या आधी निघा. रामकुंड आणि गाडगे महाराज पुलाच्या आसपासचा घाट, सीबीएस आणि मेळा ही बसस्थानकं, द्वारका चौकातल्या उड्डाणपुलाखालची जागा, नाशिकरोड स्टेशनबाहेरचा भाग, तपोवनाकडचा रस्ता. तिघांपेक्षा जास्त जण एकत्र जाऊ नका आणि त्यात एक बाई असू द्या. फोटो अजिबात नको.

अमावास्या, पर्वणी, श्रावणी सोमवार हे दिवस टाळा. घाटावर झोपलेल्यांत त्या रात्री निम्मे यात्रेकरू असतात. दशक्रियेसाठी आलेली, गाडी चुकलेली माणसं असतात. सलग चार साध्या रात्री जो त्याच जागी दिसतो, तो तिथला रहिवासी.

ऋतूचंही भान ठेवा. जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्रीत उरकतात. २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. नाशिकमध्ये महिना बदलला की हे चित्र बदलतं. दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कुटुंबं बांधकामाला आणि द्राक्षबागांना येतात, उघड्यावर पालं टाकतात आणि भात-नागलीच्या लावणीला परत जातात. जुलैत फिरलात तर तुम्हाला ती दिसणारच नाहीत.

वहीत प्रत्येकाचं एक पान करा. नाव, हाक मारायचं नाव, गाव, किती वर्षं इथे, काम, आजार, कोणते कागद आहेत, कोणते हरवले. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुम्हाला काय हवंय? एका बाबांनी आमच्या गटाला सांगितलं होतं, "मला खोली नको, मला लॉकर पाहिजे." आम्ही हसलो. नंतर लक्षात आलं की महापालिकेची गाडी येऊन गाठोडं उचलून नेते या भीतीने ते कामालाच जात नव्हते. एका ओळखीच्या दुकानदाराने पोटमाळ्यावर त्यांची पेटी ठेवून घेतली आणि त्यांचं काम सुरू झालं. खोली नंतर आली.

प्रत्येकाला खोलीच लागते असं नाही

नोंदी झाल्या की माणसं वेगवेगळ्या वाटांची दिसू लागतात.

हंगामी मजुराचं गावात घर असतं, किंवा निदान जागा असते. त्याला शहरात चार-पाच महिन्यांचा निवारा, पाणी, संडास आणि पोरांसाठी शाळा हवी. गावच्या घरासाठी आदिवासी कुटुंबांना शबरी घरकुल योजना आहे. तिची चौकशी ग्रामपंचायतीत आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात होते. शहरातल्या गटाने त्यांच्या ग्रामसेवकाला एक फोन केला तरी बऱ्याचदा अडलेली फाईल हलते.

घरातून काढलेले म्हातारे आई-बाप ही दुसरी वाट, आणि इथे कायदा चांगलाच धारदार आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही, आणि त्या व्यक्तीने अधिकार दिला तर तुमची संस्थाही तिच्या वतीने अर्ज करू शकते. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं असेल आणि त्याने सांभाळलं नसेल, तर कलम २३ नुसार ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण आधी आजींना विचारा. "माझ्या पोराला कोर्टात नको खेचूस बाळा," असं म्हणणाऱ्या जास्त असतात, आणि तो निर्णय त्यांचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं. त्यांचा क्रमांक १५१००. एकटं मूल दिसलं तर काहीही ठरवण्याआधी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

स्वतःशी बोलणारा, अंगावर चिंध्या गुंडाळलेला माणूस. त्याला गाडीत घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, तिच्यात सामील होऊ नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. हे कलम छापून खिशात ठेवा, उपयोगी पडतं. सल्ल्यासाठी १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. उपचारानंतर अशी माणसं घरी जाऊ शकतात. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था हेच काम करते आणि तिचे डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पत्ता विचारला तर सांगता येत नाही, पण बोलीवरून, देवाच्या नावावरून, शेतात काय पिकतं यावरून गाव सापडतं.

उरतात ती वर्षानुवर्षं इथेच असलेली, काही ना काही कमावणारी माणसं. द्रोणातले दिवे विकणाऱ्या, हातगाडी ओढणारे, लग्नाच्या हंगामात केटररकडे भांडी घासणाऱ्या. यापुढचं बहुतेक त्यांच्यासाठी आहे.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कागदांचा क्रम चुकला तर हा वेळ दुप्पट होतो.

आधारापासून सुरू करा, कारण पुढची प्रत्येक खिडकी तेच मागते. बऱ्याच जणांचं आधार पूर्वी कधीतरी काढलेलं असतं आणि हरवलेलं असतं. अशा माणसाची नवी नोंदणी करू नका, ती नाकारली जाते आणि महिने वाया जातात. आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून जुनं आधार शोधून देतात, थोडं शुल्क पडतं. विटा-सिमेंटच्या कामात ठसे झिजलेले असतील तर बुबुळाचं स्कॅनिंग करायला सांगा. चौकशीसाठी १९४७ हा मोफत क्रमांक आहे.

खरोखरच आधार नसेल तर पत्त्याचा पुरावा कुठून आणायचा? मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचंही चालतं, मात्र त्याची मुदत तीन महिने असते. म्हणून आधी आधार केंद्रावरची वेळ घ्या, मग सही आणा. १८ वर्षांवरच्या माणसाची नवी नोंदणी राज्य सरकारच्या पडताळणीतून जाते, तेव्हा आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजा.

मोबाइल क्रमांकाची एक मेख आहे. त्या माणसाकडे फोन नसतो म्हणून कार्यकर्ता सहज स्वतःचा नंबर आधारला जोडतो. पुढे त्याच्या प्रत्येक ओटीपीसाठी तुम्हाला हजर राहावं लागतं, आणि त्याच्या पैशांची किल्ली तुमच्या खिशात येते. साधा बटणांचा फोन आणि त्याच्या नावाचं सिम घेऊन द्या.

आधार रखडलं असेल तर मतदार नोंदणी करून घ्या. फारसं कुणाला माहीत नसतं, पण बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. नमुना ६ मध्ये तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे एकापेक्षा जास्त वेळा येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहतो. त्या काळात त्याने जागा बदलू नये, एवढं मात्र समजावून सांगा. २०२७ च्या सिंहस्थाआधी घाटावरची माणसं इकडून तिकडे होणार हे उघड आहे. हे काम त्याआधी उरकलेलं बरं.

बँकेत सगळे कागद नसतील तर 'छोटं खातं' मागा. बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि एक फोटो, एवढ्यावर ते उघडतं. शिल्लक ५०,००० रुपयांच्या आत, महिन्याला १०,००० पर्यंत काढता येतात, मुदत १२ महिने. तेवढ्यात कागदांसाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी १२ महिने मिळतात. काउंटरवर "असं काही नसतं" हे उत्तर मिळालं तर शाखा व्यवस्थापकाला भेटा.

रेशन कार्ड गावचं असेल तर ते रद्द करून नवं काढण्याच्या भानगडीत पडू नका. 'एक देश एक रेशन कार्ड' सोयीमुळे त्याच कार्डावर नाशिकच्या दुकानात धान्य उचलता येतं.

भटक्या-विमुक्त कुटुंबांची गोष्ट वेगळी आणि जास्त त्रासाची. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत ही घरकुलाची योजना त्यांच्यासाठीच आहे, पण जातीच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचा आजा पालात जन्मला आणि पालात गेला, त्यांनी तो आणायचा कुठून? गावोगावच्या शाळांचे जुने दाखले, नातेवाइकांना आधी मिळालेली प्रमाणपत्रं, गृहचौकशीची (अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन चौकशी करण्याची) मागणी, अशी ही वाट आहे. विधी सेवा प्राधिकरणाची मदत पहिल्या दिवसापासून घ्या.

प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एक संच गटाकडे, एक त्याच्याकडे. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात आणि शक्यतो घाटापासून दूर ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा काठावर ठेवलेलं काय वाचणार होतं?

महिन्याचा हिशोब

आता वहीवर गणित मांडा. समजा खोलीचं भाडं ३,५०० आणि वीज-पाणी ४००. ६८ वर्षांच्या आजींना श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळाले तरी २,४०० कमी पडतात. दिवे-फुलं विकून त्या कमावतात ते जेवणात जातं. पण अशाच दोन आजी एका खोलीत राहिल्या तर पेन्शनचे ३,००० जमतात आणि उरलेले नऊशे दोघी मिळून सहज उभे करतात. म्हणून जोड्या लावा. अर्थात आधीपासून घाटावर शेजारी झोपणाऱ्यांच्याच. आम्ही एकदा आमच्या मनाने जोडी लावली, तिसऱ्या आठवड्यात एकजण परत घाटावर.

६५ च्या आतल्या निराधारांना, विधवांना, गंभीर आजाऱ्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, या दोन अटींवर अर्ज अडतात. वयाचा पुरावा नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला मिळतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. 'आधार आधी' म्हणतो ते यासाठीही.

नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराची बांधकाम कामगार मंडळात नोंद करा. वर्षात ९० दिवस काम केल्याचं ठेकेदाराचं प्रमाणपत्र लागतं. ते फुकट करून देतो म्हणणारे दलाल नाक्यावरच फिरत असतात. ते फुकट नसतं.

मधला मुक्काम : निवारा केंद्र

२०२४ मध्ये संपलेल्या नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचं एक निवारा केंद्र हवं होतं, माणशी ५० चौरस फूट जागेचं, वर्षभर चोवीस तास उघडं. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४.८६ लाख होती. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानेच जवळजवळ पंधरा केंद्रं. आज तुमच्या विभागात किती आहेत, खाटा किती, बायकांची वेगळी सोय आहे का, हे महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, माहिती अधिकारात विचारा. एकच अर्ज, पण सहाही विभागांची माहिती मागा.

केंद्र जसं असेल तसं, एकदा जाऊन संडास आणि पाणी स्वतः पाहा. कार्यकर्ते "तिथे चला ना बाबा" म्हणून मागे लागतात आणि स्वतः आत गेलेले नसतात. केंद्राचा मोठा उपयोग म्हणजे पत्ता आणि प्रमाणपत्र. थंडीत निफाडचा पारा पाचाच्या खाली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा तो जिवाचाही प्रश्न असतो. पण केंद्रात गेला म्हणून वहीतलं पान बंद करू नका.

घरमालक

इथे गटाची खरी परीक्षा होते. जाहिरातीतली खोली मिळणार नाही, ओळखीतूनच मिळेल. सातपूर, सिडको, पंचवटीच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत मागची एखादी खोली रिकामी असलेले लोक तुमच्याच नात्यात असतात. मात्र खोली कामाच्या चालत्या अंतरावर बघा. रामकुंडावर दिवे विकणारीला चुंचाळ्याला खोली दिली तर रोजचं रिक्षाभाडंच तिला परत घाटावर आणेल.

घरमालकीण काकू काय विचारतील ते ठरलेलं आहे. पिणार नाही ना, भाडं थकवणार नाही ना, आणि शेवटी दबक्या आवाजात, "खाली करतील ना हो?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नोंदणीकृत करारात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी नको, हा गैरसमज आहे. मालकाच्या फायद्याचं कलम २४. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि जागा सुटेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. तोंडी बोलीवर दिलेल्या खोलीला हे संरक्षण नाही. हे शांतपणे समजावलं की काकूंचा चेहरा बदलतो.

करार ऑनलाइन, अंगठ्याच्या ठशावर होतो. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. हा खर्च गटाने उचलावा. करार मात्र राहणाऱ्याच्याच नावावर हवा, कार्यकर्त्याच्या किंवा मंडळाच्या नाही. त्या करारावरच त्याला पुढचे कागद मिळतात. तुम्ही साक्षीदार व्हा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं विसरू नका. हमी द्यायची तर साध्या पत्रावर आणि मोजकी द्या. "भाडं थकल्यास जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं आम्ही देऊ." बेमुदत हमी दिलेला गट पहिल्याच वर्षी फुटतो.

अनामतीसाठी आम्ही भिशी केली. दहा घरं, दर महिन्याला पाचशे. दोन महिन्यांत एका खोलीची अनामत जमते. राहणारा महिना दोनशे-तीनशे करत ती परत भरतो आणि ती पुढच्याच्या खोलीला जाते. परतफेड ठेवावी की नाही यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. ज्यांची मिळकत फक्त पेन्शन आहे त्यांना माफ, बाकीच्यांनी भरायची, असं शेवटी ठरलं. हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा.

पहिले तीन महिने

खोलीत गेलेली माणसं बऱ्याचदा पहिल्या महिन्यात परत येतात. घाटावर रात्रभर दिवा असतो, माणसं असतात, कुणीतरी जेवण आणून देतं. खोलीत चार भिंती आणि शांतता. एक बाबा पंधरा दिवस दार उघडं टाकून उंबऱ्यात झोपत होते. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. आम्ही फक्त शेजाऱ्यांना जाऊन कारण सांगितलं.

आठवड्यातून एकदा चहाला जा, तपासणीला गेल्यासारखं नको. भाड्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी आठवण करा. रॉकेल-गॅस, बादली, चटई, दोन भांडी एवढं सुरुवातीला द्या, टीव्ही देणारे दाते थोडे थांबवा. दारू हा विषय निघणारच. भाडं वेळेवर येतंय आणि शेजाऱ्यांना त्रास नाही, तोवर त्यावरून खोली काढून घेऊ नका. सोडायची तयारी त्याने दाखवली की सरकारी रुग्णालयात सोबत जा. परत घाटावर गेलाच तर वहीतलं पान फाडू नका. आमच्याकडे तिसऱ्या प्रयत्नात टिकलेले दोघे आहेत.

या काळात घरकुलाचेही अर्ज करा. पंतप्रधान आवास योजनेत कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असावं, ही अट आपल्या माणसांना सहज जमते. जमत नाही तो लाभार्थी हिस्सा, म्हणजे घराच्या किमतीतला स्वतः भरायचा वाटा, कारण तो लाखांत असतो. म्हाडाच्या सोडतीतही तेच, शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक आहे. नाशिकमध्ये अशी घरं कुठे आणि केव्हा होणार, हे माहिती अधिकाराच्या त्याच अर्जात विचारून टाका.

खोलीचा ताबा मिळाला त्या दिवशी कुलूप नवं घ्या, मालकाचं जुनं नको. कुलपाबरोबर दोन चाव्या येतात. एक आपल्याकडे असावी, अडीअडचणीला बरी, असं गटातलं कुणीतरी हमखास म्हणतं. दोन्ही चाव्या त्यांच्याच हातात द्या.